शेतसारा ते लाल किल्ला : भुलाभाई देसाई यांचे जीवनकार्य

(व्याख्यानाचा मजकूर)



खानदेशातून वाहत जाणारी तापी सुरतेपाशी समुद्राला मिळते. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतील काळ्या जमिनीचा कापूस पिढ्यान्‌पिढ्या याच दिशेने गेला आणि आपल्याकडील हजारो कुटुंबेही पोटापाण्यासाठी याच दिशेने जाऊन सुरत शहरात स्थायिक झाली. तरीही सुरतेचे नाव निघाले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे बहुधा दोनच प्रसंग उभे राहतात : छत्रपती शिवाजी महाराजांची १६६४ सालची स्वारी आणि जहाल व मवाळ यांची फारकत ज्यात झाली ते १९०७ सालचे काँग्रेस अधिवेशन. याच सुरत जिल्ह्याने देशाला एक असा कायदेपंडित दिला की ज्याने शेतकऱ्याच्या शेतसाऱ्याचा हिशेब जितक्या बारकाईने तपासला, तितक्याच बारकाईने साम्राज्याच्या सत्तेचा कायदेशीर पायाही तपासला. त्यांचे नाव भुलाभाई जीवणजी देसाई. आजच्या व्याख्यानाचा विषय त्यांचे जीवन व कार्य हा आहे.

बालपण आणि शिक्षण

भुलाभाईंचा जन्म १३ ऑक्टोबर १८७७ रोजी वलसाडजवळील चिखली या गावी झाला. हा सारा मुलूख त्या वेळी सुरत जिल्ह्यात मोडत असे. पुढे त्या मोठ्या जिल्ह्याचे विभाजन होऊन वलसाड व नवसारी असे स्वतंत्र जिल्हे अस्तित्वात आले. घराणे अनाविल ब्राह्मणांचे, म्हणजे दक्षिण गुजरातेतील शेती सांभाळणाऱ्या समाजाचे. आरंभीचे शिक्षण मामांच्या देखरेखीखाली झाले. त्यानंतर वलसाडचे अवाबाई विद्यालय आणि मुंबईचे भरडा हायस्कूल अशा पायऱ्या चढत १८९५ साली ते मॅट्रिक झाले आणि शाळेत पहिले आले. एल्फिन्स्टन महाविद्यालयात इतिहास व अर्थशास्त्र या विषयांत त्यांनी प्रथम क्रमांक मिळविला आणि पुढे इंग्रजी विषय घेऊन मुंबई विद्यापीठाची एम. ए. ही पदवी संपादन केली.

येथे उपस्थित असलेल्या शिक्षकांना आवर्जून सांगावेसे वाटते की, भुलाभाईंचा पहिला व्यवसाय अध्यापनाचा होता. अहमदाबाद येथील गुजरात कॉलेजात ते इंग्रजी व इतिहासाचे प्राध्यापक होते. वर्गात शिकवीत असतानाच त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि १९०५ साली मुंबई उच्च न्यायालयात अ‍ॅडव्होकेट म्हणून आपले नाव नोंदविले. एखादी गुंतागुंतीची बाब सोपी करून, टप्प्याटप्प्याने, ऐकणाऱ्याला सोबत घेऊन मांडण्याची जी हातोटी पुढे न्यायालयांत आणि विधिमंडळात दिसून आली, तिची मुळे या अध्यापनात असावीत, असे मानण्यास हरकत नाही.

वकिलीत त्यांनी अल्पावधीत आघाडीचे स्थान मिळविले. १९२६ साली मुंबई इलाख्याचे हंगामी अ‍ॅडव्होकेट जनरल म्हणून त्यांनी काम पाहिले. स्वतंत्र भारताचे पहिले अ‍ॅटर्नी जनरल झालेले मोतीलाल सेटलवाड यांनी उमेदवारीच्या काळात त्यांच्या हाताखाली काम केले होते आणि पुढे त्यांनीच भुलाभाईंचे चरित्र लिहिले. राजकारणात मात्र भुलाभाई दीर्घकाळ मवाळ विचारांचे राहिले. प्रथम अ‍ॅनी बेझंट यांच्या होमरूल लीगमध्ये आणि नंतर उदारमतवादी पक्षात ते होते. एकही भारतीय सदस्य नसलेले सायमन कमिशन १९२८ साली आले, तेव्हा त्याला विरोध करीत ते उदारमतवाद्यांपासून दूर झाले. त्याच वर्षी त्यांच्या आयुष्याला वळण देणारी घटना त्यांच्या जन्मजिल्ह्यात घडली. ती म्हणजे बारडोलीचा सत्याग्रह.

बारडोलीचा हिशेब

सुरतेहून भुसावळकडे येणाऱ्या लोहमार्गावर बारडोली आहे. या तालुक्यात जमीन महसुलाच्या फेरआकारणीचे काम १९२५-२६ च्या सुमारास झाले. जमाबंदी अधिकाऱ्याने शेतसाऱ्यात सुमारे ३० टक्के वाढ सुचविली. वरिष्ठ अधिकाऱ्याने कारणे बदलली, पण आकडा जवळजवळ तोच ठेवला : २९ टक्के. अखेर शासनाने सुमारे २२ टक्के वाढ मंजूर केली. पहिल्या महायुद्धानंतर कापसाला आलेली तेजी तोवर ओसरली होती. वाढीव सारा भरणे शेतकऱ्यांना अशक्य झाले. वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली १२ फेब्रुवारी १९२८ रोजी सत्याग्रहास प्रारंभ झाला. जप्त्या झाल्या, गुरेढोरे ओढून नेण्यात आली, जमिनी सरकारजमा झाल्या, पाटील व तलाठी यांनी राजीनामे दिले. परंतु तालुका फुटला नाही. ऑगस्ट १९२८ मध्ये तडजोड झाली. वल्लभभाईंना ‘सरदार’ ही पदवी याच लढ्याने दिली.

हा इतिहास आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. मात्र त्याचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. तडजोडीने सारावाढ रद्द झालेली नव्हती. मिळाली होती ती निःपक्षपाती चौकशी. एक न्यायखात्यातील आणि एक महसूलखात्यातील असे दोन अधिकारी बसून आकारणी योग्य की अयोग्य हे ठरविणार होते. न्यायखात्यातील अधिकारी होते ब्रूमफील्ड, ज्यांनी १९२२ साली अहमदाबादेस गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती तेच. महसूलखात्यातर्फे मॅक्सवेल होते. सत्याग्रहाने शेतकऱ्याला आपले गाऱ्हाणे ऐकवून घेण्याचा अधिकार मिळवून दिला. ते गाऱ्हाणे खरे आहे, हे मात्र आकड्यांनिशी सिद्ध व्हावयाचे होते. या चौकशीत शेतकऱ्यांची कायदेशीर बाजू मांडण्यासाठी भुलाभाई उभे राहिले.

मुद्दा वरकरणी रुक्ष होता. तरी तो आपण समजून घेऊ या, कारण शेतकऱ्याचे भवितव्य त्याच्यावर अवलंबून होते. मुंबई जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १०७ प्रमाणे आकारणी शेतीपासून होणारा नफा विचारात घेऊन ठरवावयाची होती. नफा म्हणजे हाती आलेल्या पिकाची एकूण किंमत नव्हे. बी-बियाणे, बैल, मजुरी आणि इतर खर्च वजा जाता शिल्लक राहील तो. शासनाची आकारणी मात्र मुख्यत्वे जमिनीच्या खंडाच्या आकड्यांवर उभी होती. अमुक जमीन अमुक रुपये खंडाने दिली जाते, त्या अर्थी तिचे उत्पन्न इतके असले पाहिजे, असा तो तर्क होता.

परंतु तालुक्यातील प्रत्येक खंड हा खरा खंड असतो काय ? समजा, एका शेतकऱ्याने सावकाराकडून कर्ज घेऊन जमीन त्याच्या ताब्यात गहाण दिली आणि तीच जमीन पुन्हा त्याच्याकडून कसण्यास घेतली. कागदावर त्याने लिहून दिलेली रक्कम खंड म्हणून नोंदली जाईल, पण वस्तुतः ती कर्जाचे व्याज असेल. दुसऱ्या एखाद्याला बांधाला लागून असलेला तुकडा हवा असतो, म्हणून तो परवडत नसतानाही चढा खंड कबूल करतो. असे सारे आकडे एकत्र करून त्यांची सरासरी काढली आणि ती जमीन स्वतः कसणाऱ्या बहुसंख्य खातेदारांवर लादली, तर जो नफा कधी झालाच नाही त्यावर सारा द्यावा लागतो. कायद्याने सांगितलेली कसोटी नफ्याची आहे आणि खंडाचे आकडे फार तर पडताळ्यासाठी उपयोगी पडतील, हे शेतकऱ्यांच्या बाजूचे मुख्य प्रतिपादन होते. भुलाभाईंनी कायद्याचा पाया घालून दिला आणि त्यानंतर महादेवभाई देसाई, नरहरी परीख प्रभृती कार्यकर्त्यांनी गावागावांतील पुरावे समितीपुढे ठेवले.

समिती स्वतः गावोगाव फिरली. शेतकऱ्यांना बोलावून तिने कागदावरील नोंदी पडताळून पाहिल्या. तेव्हा दिसून आले की, जमाबंदीच्या वेळी खंडाचे आकडे पुरेशी चौकशी न करता घेतले गेले होते आणि ज्या पाहणीचा हवाला देण्यात आला होता ती नीट झालीच नव्हती. १९२९ साली समितीचा अहवाल आला. २२ टक्क्यांच्या जागी तिने जेमतेम ६ टक्क्यांच्या आसपास वाढ सुचविली. हा निष्कर्ष शासनानेच नेमलेल्या दोन इंग्रज अधिकाऱ्यांचा होता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

महसूलखात्यातील माझ्या सहकाऱ्यांनी रागावू नये. पण बारडोलीच्या संघर्षाच्या मुळाशी, इतर कारणांबरोबर, गावात न जाता भरलेला एक तक्ता होता. कचेरीत लिहिलेला एक आकडा खाली येता येता शेतकऱ्याच्या दावणीच्या म्हशीपर्यंत पोहोचतो. प्रसिद्धी अधिकारी या नात्याने दौरे करताना मी अनेक गावांतून पाहिले आहे की, लोकांचा रोष बहुधा नियमावर नसतो. आपल्याला न विचारता आपल्याविषयी काहीतरी लिहिले गेले, यावर तो असतो.

विधिमंडळातील नेतृत्व

१९३० साली भुलाभाई काँग्रेसमध्ये आले. तोवर ते पन्नाशी ओलांडलेले, संपन्न आणि प्रतिष्ठित विधिज्ञ होते. विदेशी कापडावरील बहिष्कार परिणामकारक व्हावा यासाठी त्यांनी स्वदेशी सभेची उभारणी केली आणि सुमारे ८० कापड गिरण्यांना तीत सहभागी करून घेतले. ही संस्था बेकायदा ठरविण्यात आली आणि १९३२ मध्ये त्यांना कारावास घडला. प्रकृती ढासळल्यामुळे सुटका झाल्यावर उपचारांसाठी ते युरोपात गेले. पुढे सरदार पटेलांच्या आग्रहाने त्यांना काँग्रेस कार्यकारिणीत घेण्यात आले.

१९३४ च्या नोव्हेंबरात मध्यवर्ती विधानसभेच्या निवडणुकीत ते गुजरातमधून निवडून आले आणि तेथील काँग्रेस पक्षाचे नेते झाले. हे सभागृह आजच्या लोकसभेसारखे नव्हते, याची विद्यार्थ्यांना कल्पना द्यावयास हवी. १९१९ च्या कायद्याने निर्माण झालेल्या या सभेत निवडून आलेल्या सदस्यांबरोबरच शासकीय अधिकारी व सरकारनियुक्त सदस्य बसत. मताधिकार मोजक्या लोकांनाच होता. मंत्रिमंडळ सभेला जबाबदार नव्हते. सभेने वित्तविधेयक फेटाळले, तरी व्हाइसरॉय आपल्या अधिकारात ते प्रमाणित करून अमलात आणू शकत असे. मग अशा सभागृहात भाषणे करून काय साधणार, असा प्रश्न त्या काळीही विचारला जात होता.

भुलाभाईंनी या प्रश्नाचे उत्तर कृतीने दिले. काँग्रेसला स्वतःच्या बळावर बहुमत नव्हते. मुंबईच्या न्यायालयातील त्यांचे समव्यवसायी महंमदअली जीना हे तेव्हा सभेतील स्वतंत्र गटाचे नेते होते. प्रसंगाप्रसंगाने त्यांची व इतर गटांची मते मिळवून भुलाभाईंनी सरकार पक्षाचा वारंवार पराभव घडवून आणला. प्रत्येक वेळी व्हाइसरॉयला आपला विशेषाधिकार वापरावा लागे आणि प्रत्येक वेळी जगाला दिसे की, हिंदुस्थानचा कारभार हिंदी लोकांच्या संमतीवाचून चाललेला आहे. मत मोजले जाऊनही मानले जात नाही, ही गोष्ट चारचौघांत पुन्हा पुन्हा सिद्ध करणे हेच त्या विधिमंडळातील कार्य होते. ज्या गोलाकार वास्तूत हे घडले ती दिल्लीची इमारत पुढे स्वतंत्र भारताची संसद झाली आणि २०२३ पासून ती ‘संविधान सदन’ या नावाने ओळखली जाते.

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानला त्याची संमती न घेता ओढण्यात आले. वैयक्तिक सत्याग्रहात भाग घेतल्याबद्दल १० डिसेंबर १९४० रोजी भुलाभाईंना अटक झाली आणि त्यांना पुण्याच्या येरवडा कारागृहात ठेवण्यात आले. प्रकृतीच्या कारणास्तव १९४१ मध्ये ते मुक्त झाले.

एका कराराची किंमत

१९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनानंतर काँग्रेसचे बहुतेक सारे नेते तुरुंगात होते. आजारपणामुळे बाहेर राहिलेल्या थोड्यांपैकी भुलाभाई एक होते. कोंडी फुटावी म्हणून त्यांनी मध्यवर्ती विधानसभेतील मुस्लिम लीगचे उपनेते लियाकत अली खान यांच्याशी बोलणी सुरू केली. या विषयावर ते सेवाग्रामला जाऊन गांधीजींनाही भेटले होते. जानेवारी १९४५ मध्ये एक मसुदा तयार झाला. केंद्रात हंगामी सरकार बनवावे, त्यात काँग्रेस व लीग यांनी सुचविलेल्या व्यक्तींची संख्या समान असावी, अल्पसंख्यांकांना, विशेषतः दलित वर्ग व शीख यांना, प्रतिनिधित्व असावे आणि काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना मुक्त करावे, असा त्याचा आशय होता.

मसुद्याचा गाजावाजा झाला आणि दोन्ही बाजूंनी भुलाभाई एकटे पडले. जीनांनी आपल्याला याची माहिती नसल्याचे सांगितले. लियाकत अलींनीही कानांवर हात ठेवले. तुरुंगातून बाहेर आलेल्या काँग्रेस नेत्यांना समान वाट्याचे तत्त्व मान्य नव्हते आणि आपण बंदिवासात असताना परस्पर बोलणी व्हावीत हेही रुचले नाही. १९४५ च्या जून-जुलैमध्ये व्हाइसरॉय वेव्हेल यांनी भरविलेली सिमला परिषदही समान वाट्याच्या प्रश्नाभोवतीच फिरली व निष्फळ ठरली. १९४५ च्या अखेरीस झालेल्या निवडणुकीत भुलाभाईंना काँग्रेसची उमेदवारी मिळाली नाही. ज्या सभागृहात त्यांनी पक्षाचे नेतृत्व केले, त्याची दारे पक्षानेच त्यांच्यासाठी बंद केली.

त्यांचे चुकले की नाही, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत आणि ते राहतील. कार्यकारिणीच्या स्पष्ट संमतीवाचून इतक्या मोठ्या प्रश्नावर मसुदा करणे धोक्याचे होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु देश दुभंगण्याची चिन्हे दिसत असताना एका आजारी माणसाने स्वतःची प्रतिष्ठा पणाला लावून समेटाचा प्रयत्न केला, हेही तितकेच खरे आहे. अडीच वर्षांनी फाळणीत जे घडले ते पाहिले म्हणजे या प्रयत्नाकडे निदान सहानुभूतीने पाहावेसे वाटते.

लाल किल्ल्यातील खटला

अशा अवमानित अवस्थेत दुसरा कोणी असता तर घरी बसला असता. भुलाभाई दिल्लीला गेले. आझाद हिंद सेनेतील शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लाँ या तीन अधिकाऱ्यांवर लष्करी न्यायालयात खटला भरण्यात आला होता. राजाविरुद्ध युद्ध पुकारणे हा मुख्य आरोप होता. एक मुसलमान, एक हिंदू, एक शीख, आणि खटल्याची जागा मोगलांचा लाल किल्ला ! सारा देश हेलावून गेला. काँग्रेसने बचाव समिती नेमली. तीत तेजबहादूर सप्रू, कैलासनाथ काटजू, असफ अली असे नामवंत होते. जवाहरलाल नेहरूंनी अनेक वर्षांनंतर वकिलाचा झगा अंगावर चढविला. बचावाचा मुख्य भार मात्र भुलाभाईंनी उचलला.

५ नोव्हेंबर १९४५ रोजी कामकाज सुरू झाले. भुलाभाईंचे वय तेव्हा ६८ वर्षांचे होते व प्रकृती खंगलेली होती. डिसेंबरात त्यांनी बचावाचे समारोपाचे भाषण केले. ते दोन दिवस चालले. त्यांनी दया मागितली नाही, आरोपींना नकळत्या वयाचे अथवा फसविले गेलेले ठरविले नाही. त्यांनी युक्तिवाद केला तो आंतरराष्ट्रीय कायद्याचा. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी स्थापन झालेले आझाद हिंदचे हंगामी सरकार हे रीतसर सरकार होते. काही राष्ट्रांनी त्याला मान्यता दिली होती. त्याची स्वतःची संघटित सेना होती. त्याने रीतसर युद्ध पुकारले होते. पारतंत्र्यात असलेल्या लोकांना मुक्तीसाठी युद्ध करण्याचा हक्क आहे आणि अशा युद्धात सैनिकाने केलेल्या कृत्याला सामान्य गुन्ह्याचा कायदा लावता येत नाही. राजनिष्ठा आणि देशनिष्ठा यांत विरोध उत्पन्न होतो तेव्हा काय करावे, याचे उत्तर इंग्लंडच्याच अमेरिकन वसाहतींनी अठराव्या शतकात दिलेले आहे, याचीही त्यांनी न्यायालयाला आठवण करून दिली.

न्यायालयाने तिघांनाही युद्ध पुकारल्याबद्दल दोषी ठरवून जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली. परंतु जनमताचा रेटा एवढा होता की, जानेवारी १९४६ च्या आरंभी सरसेनापती ऑकिन्लेक यांनी जन्मठेप माफ केली. नोकरीतून बडतर्फी व थकलेल्या वेतनाची जप्ती एवढीच शिक्षा कायम राहिली आणि तिघे मुक्त झाले. निकाल विरुद्ध जाऊनही खटला जिंकला गेला.

त्यानंतर चार महिन्यांनी, ६ मे १९४६ रोजी, भुलाभाईंचे निधन झाले. संविधान सभेची पहिली बैठक त्याच वर्षी ९ डिसेंबरला भरली. ज्यांनी आयुष्य कायद्यात घालविले, ते देशाचा मूळ कायदा लिहिण्याच्या वेळी हयात नव्हते. मुंबईतील वॉर्डन रोडला त्यांचे नाव देण्यात आले. तेथील त्यांच्या निवासस्थानी उभ्या राहिलेल्या भुलाभाई स्मारक संस्थेने पुढे चित्रकार, नाट्यकर्मी व संगीतकार यांना कामासाठी आसरा दिला. आज त्या रस्त्याने जाणाऱ्या शेकडो लोकांना हे नाव कोणाचे, हे ठाऊक नसते.

तेव्हा या चरित्रातून काय घ्यावे ? ग्रामस्थ बंधूंनो, आपल्या जमिनीच्या नोंदी दरवर्षी एकदा तरी स्वतः वाचाव्यात अथवा वाचून घ्याव्यात. नोंद चुकीची असेल तर हरकत वेळेत आणि लेखी द्यावी. बारडोलीच्या शेतकऱ्यांचे धैर्य मोठे होते, पण धैर्याच्या पाठीशी पुरावा होता म्हणून सारा उतरला. गुरुजनहो, आपल्या विद्यार्थ्यांना सत्याग्रहाची कथा सांगताना चौकशी समितीची कथाही सांगावी. टक्केवारीच्या धड्यात २२ आणि ६ हे दोन आकडे फळ्यावर लिहून त्यांच्यामागील माणसे दाखविता येतील. आणि सहकारी अधिकाऱ्यांनो, आपण ज्या तक्त्यावर सही करतो त्यातील प्रत्येक आकड्याला एक घर, एक बांध, एक दावण असते. सही करण्यापूर्वी तेथवर जाऊन यावे, एवढीच विनंती.

 जय हिंद !